नऊ दिवसांची सावड

गुरुबसव्वाची लेक संगव्वा, संगव्वाची लेक चन्नव्वा, आणि चन्नव्वाची लेक पार्वतम्मा. पहिल्या तिघी आपापल्या वेळेला गेल्या, पण एकही कुणाची सावड अंगावर ठेवून गेली नाही. गुरुबसव्वाबद्दल तर असे सांगतात, की शेवटच्या दुखण्यात तिला शेजारणीच्या खुरपणीचा राहिलेला अर्धा दिवस आठवला. ती उठली, बांधाबांधाने चालत गेली, अर्धा दिवस खुरपले, आणि संध्याकाळी परतून जी अंथरुणाला लागली ती पुन्हा उठली नाही. सावड म्हणजे काय हे आता लातूरच्या पोरांना सांगावे लागते. तू आज माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या रानात राबेन. दिवसाला दिवस आणि अंगाला अंग. ती धान्याने फिटत नाही, लुगड्याने फिटत नाही, आपल्या जागी मजूर धाडला तरी फिटत नाही. पार्वतम्मांनी आपल्या त्र्याहत्तर वर्षांत डाळमिल उभी केली, दोन मुली उजवल्या, नवऱ्याच्या माघारी हमालांपासून अडत्यांपर्यंत साऱ्यांना नुसत्या नजरेने जागच्या जागी उभे केले. परंतु बांधाशेजारच्या सिंधूची नऊ दिवसांची सावड त्यांच्या अंगावर अठ्ठेचाळीस वर्षे तशीच होती, आणि हे ठाऊक असलेली माणसे जगात आता दोनच उरली होती.

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात वाटाणे सोलत बसलेल्या पार्वतम्मांकडे कॅमेऱ्याने मान वळवली. घडले ते एवढेच. दिवाळीत त्या न्हाणीघरात घसरल्या तेव्हापासून रुद्रेशने, त्यांच्या मुलाने, शोकेसवर चेंडूएवढा एक पांढरा कॅमेरा आणून ठेवला होता. त्या त्याला घरातल्या इतर शोभेच्या वस्तूंत धरीत आणि आठवड्यातून एकदा त्याच्यावरची धूळ पुसवून घेत. आज तो किंचित घरघरला, डावीकडून उजवीकडे फिरला, त्यांच्यापाशी थांबला, आणि मग, जणू नीट दिसत नाही म्हणून, थोडा खाली वाकला. मिलमध्ये बसलेला रुद्रेश आई जागेवर आहे की नाही हे पाहत होता. पार्वतम्मांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना राग आला असे म्हणावे तर तो राग नव्हता. मिलच्या वजनकाट्यावर चुकून आपणच उभे राहावे आणि काटा हलावा तसे काहीतरी आतून हलले. आपली राखण चालली आहे, त्यांच्या मनात आले. उभ्या पिकाची करतात तशी. आणि राखण हा शब्द मनात उमटला मात्र, त्या दिवाणखान्यातून उठून कधीच निघून गेल्या; हातांनी वाटाणे सोलणे चालू ठेवले तरी डोळ्यांपुढे ज्वारी होती, गुडघ्याच्या वर, कमरेच्या वर, डोक्याच्या वर गेलेली, आणि कणसांत दूध भरलेली.

चारच दिवसांपूर्वी येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सारे निलंग्याच्या पुढे, हद्दीजवळच्या आपल्या रानात गेले होते. भज्जी झाली, आंबील झाली, नातवंडांनी फोटो काढले. बांधापलीकडे सिंधूचा आखाडा, म्हणजे रानातले घर. पार्वतम्मा सवयीने तिकडे गेल्या तर सिंधू दारापुढच्या खाटेवर आडवी. महिन्यापूर्वी राखणीच्या माळ्यावरून उतरताना घसरली होती आणि मांडीचे हाड मोडले होते. तिच्यापलीकडे दीड एकर ज्वारी उभी होती, एकटी. सबंध शिवारात सोयाबीन निघून हरभरा आला होता. ज्वारी कुणी पेरतच नाही, कारण राखायला माणूस मिळत नाही. दाण्यात दूध भरायला अजून आठवडा होता, आणि ते भरले की शिवारातली सगळी पाखरे त्या दीड एकरावर पडणार होती.

"यंदा राखण न्हाई," सिंधू म्हणाली होती. "पाखरांचं नशीब."

"मी दोन गडी धाडते."

"आन् मग? त्येंची मजुरी तू देणार, आन् मनात म्हणणार सिंधूचं फिटलं. न्हाई पारू. तशी फिटत नसती."

पारू म्हणणारेही जगात आता एकच माणूस होते. पार्वतम्मा त्या दिवशी परतल्या त्या नातवंडांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या होत्या.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांमागे, सिद्धेश्वर विषमज्वराने फणफणले तेव्हा त्यांना एसटीच्या मागच्या बाकावर आडवे घालून पार्वतीने नांदेडला नेले होते. पंचवीस वर्षांची बाई, पोटात रुद्रेश, मांडीवर नवऱ्याचे डोके. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने नऊ दिवस काढले. त्या नऊ दिवसांचे तिला पुढे फार थोडे आठवे: फिनेलचा वास, पितळी तांब्या, गोदावरीकडून येणारे पहाटेचे बोचरे वारे; आणि प्रत्येक सकाळी, सूर्य वर आला की, आता भोरड्या उतरल्या असतील हा एकच विचार. भोरड्या म्हणजे ती गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची परदेशी पाखरे. थंडीत हजारांनी येतात आणि दुधावरची ज्वारी दोन दिवसांत नुसते धाट करून टाकतात. पार्वती परतली तेव्हा तिची ज्वारी उभी होती, कणीस न् कणीस भरलेले. तिच्या माळ्यावर सिंधू बसली होती, गोफण हातात, तान्ही पोर खाली झोळीत. आणि बांधापलीकडे सिंधूचे स्वतःचे रान होते: कणसांची पांढरी, रिकामी बोंडके वाऱ्यावर डोलत होती. एका बाईला एकच माळा राखता येतो. सिंधूने नऊ दिवस दुसरीचा राखला, आणि स्वतःचे रान जाताना तोंड फिरवायला जागा नव्हती म्हणून डोळ्यांनी पाहिले. दगडोबाने, तिच्या नवऱ्याने, आठ दिवस तिच्याशी बोलणे टाकले होते. तिने पार्वतीला एवढेच सांगितले, "तुजं रान राखीन म्हणून तुला शब्द दिलता." पुढच्या हंगामाआधीच सिद्धेश्वरांनी लातूर गाठले, दोघांनी मिल काढली, आणि सावड राहून गेली. पार्वतम्मांनी इरकली लुगडे पाठवले. ते त्याच बसने परत आले. एकदा तीन गडी पाठवले. ते दुपारच्या आत परत आले. ज्या बाईपुढे बाजार समितीतले भलेभले खुर्ची सोडून उभे राहत, तिने धाडलेले सिंधूच्या बांधावरून दोनदा माघारी आले होते. ही गोष्ट पार्वतम्मांनी नवऱ्यालाही शब्दांत सांगितली नव्हती. ती छातीत नव्हती, पोटात नव्हती. ती दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला हात पोचत नाही तिथे, बसलेली होती.

त्यांनी वाटाण्यांचे ताट बाजूला सारले आणि कॅमेऱ्याकडे पाहून, थेट त्याच्या भिंगात, म्हटले, "रुद्रेश, घरी ये."

स्वयंपाकघरातून पुनम, त्यांची सून, ओला हात पुसत बाहेर आली. "काय झालं आत्याबाई? कुणाशी बोलून राहिल्यात?"

"हे जे बघतंय ते रानात लावता येतंय का?"

"रानात? तिथं वायफाय कुठलं?"

"ते तू मला विचारू नकोस. ज्याला येतं त्याला बोलाव."

ज्याला येत होते तो महेबूब. पन्नाशी ओलांडलेला, तीन पिढ्या गंजगोलाईजवळ दुकान. आजोबा पेट्रोमॅक्स दुरुस्त करीत, वडील रेडिओ, हा कॅमेरे लावी. त्याने पार्वतम्मांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि ऐकताना हसला नाही, यावरूनच त्यांनी काम त्याला दिले.

"हुईल अम्मा. सिमवर चालणारा घेऊ, वर सोलर. मान गरगरा फिरती, वर-खाली बघतो, लांबचं कणीस नाकापशी आणून देतो. हलणारं कायबी दिसलं की आपसूक त्येच्या मागं फिरतो आन् शिट्टी वाजवतो. तुमी निवांत झोपा."

"ते बंद कर."

"काय?"

"शिट्टी. आन् आपसूक फिरणं. मान मी फिरवणार, आवाज मी देणार. यंत्रानं राखायचं असतं तर मी कशाला पायजे होते?"

महेबूबने कानावरची पेन्सिल काढून कागदावर लिहिले: ऑटो बंद.

गुरुवारी पार्वतम्मा स्वतः गेल्या. कॅमेरा कुठे बसावा हे चौथ्या मजल्यावरून ठरत नसते. खाली खुर्ची टाकून त्या बसल्या आणि वर, बाभळीच्या चार खांबांच्या त्या माळ्यावर, महेबूब लोखंडी पाइप बांधीत होता. "अजून वर. निंबाचा शेंडा दिसला पायजे. पाखरं आधी तिथं बसतेत. अरे, सूर्य भिंगात येईल, तोंड पूर्वेला नको." त्याने कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्पीकरला मांडववाल्याकडून आणलेला एक पत्र्याचा भोंगा जोडला. सिंधू खाटेवर उशीला टेकून हे सारे पाहत होती. तिने नको म्हटले नाही. तिने जे म्हटले ते अधिक कठीण होते.

"लाव बाई. बघायचं यंत्र हाय, बघ. पर ह्यानं सावड फिटत न्हाई, हे आदीच सांगून ठिवते. अंग हितं लागतंय."

"अंग तिथं लागेल, सिंधू. आवाज हितं येईल."

"बघू," सिंधू म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केले.

शुक्रवारी सूर्य उगवायच्या आत पार्वतम्मा आंघोळ करून, भस्म लावून, इष्टलिंगाची पूजा आटोपून दिवाणखान्यात बसल्या. पुनमने फोन टीव्हीला जोडून दिला होता. भिंतभर ज्वारी उभी राहिली. पार्वतम्मांनी बोट सरकवले आणि सारे शिवार डावीकडून उजवीकडे त्यांच्यापुढून सरकले. दोन बोटे फाकवली आणि एक कणीस, दवाने ओले, इतके जवळ आले की त्यांनी नकळत मान मागे घेतली. पंचवीस वर्षांच्या पार्वतीला माळ्यावरून इतके दिसले नव्हते. गुडघे दुखत नव्हते, माळा हलत नव्हता, पण अंगाला तोच वास आला: ओल्या धाटाचा, गोडसर, किंचित हिरवा. तो कुठून आला हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. निंबावरून भोरड्यांचा थवा उठला, आभाळात काळा पदर झटकावा तसा फिरला, आणि कणसांवर पडला. पार्वतम्मांनी फोनवरच्या बोलायच्या बटणावर बोट दाबून छातीतून आरोळी दिली, "हुऱ्याऽऽऽ! हाल्याऽऽ हाल्याऽऽ हुऱ्याऽऽऽ!" स्वयंपाकघरात पुनमच्या हातून झाकण पडले. टीव्हीवर काही झाले नाही. पाखरे खात होती. मग, कितीतरी वेळाने, थवा दचकून उठला. तोवर एक वाफा पांढरा झाला होता.

फोन वाजला. सिंधू.

"पारू, तुजं हुर्र पाखरं जेवून हात धुतल्यावर येतंय गं!" आणि ती हसली. तिचे ते हसणे सबंध दिवस दिवाणखान्यात राहिले.

महेबूबला विचारले तेव्हा तो म्हणाला, "नेटचं तसंच अम्मा. चित्र यायला वेळ, आवाज जायला वेळ. मिळून तीन-चार सेकंद. टॉवर लांब हाय, आपल्या हातात काय न्हाई." पार्वतम्मा त्या दुपारी जेवल्या नाहीत. टीव्हीपुढे बसून त्यांनी फक्त पाहिले. हरलेल्या माणसासारखे नव्हे, तर मिलमध्ये नवी तूर आली की मूठभर तळहातावर घेऊन जसे त्या पाहत, तसे. चार सेकंद उशीर होतो. म्हणजे चार सेकंद आधी ओरडले पाहिजे. म्हणजे पाखरू उतरण्याआधी, ते उतरणार हे कळले पाहिजे. आणि हे, त्यांच्या लक्षात आले, त्यांना कळतच होते. आई कळवून गेली होती. चन्नव्वा गोफण कमरेला खोचून म्हणायची, भोरडी पहिल्या वळणाला नुसती बघती, दुसऱ्या वळणाला पोट दाखवती, तिसऱ्याला उतरती. थवा दुसऱ्यांदा वळताना उन्हात हजार गुलाबी पोटे एकदम चमकतात. तिथून कणसापर्यंत चार श्वास. पार्वतम्मांनी साठ वर्षांत त्या वाक्याचा विचार केला नव्हता, आणि आता ते त्यांच्या बोटात होते. साडेतीनला थवा उठला. एक वळण, त्या गप्प राहिल्या. दुसरे वळण, निंबाच्या शेंड्यावर सारे आभाळ क्षणभर गुलाबी झाले, आणि पार्वतम्मांनी, ज्वारीवर एकही पाखरू नसताना, रिकाम्या रानावर जीव तोडून आरोळी दिली. एक. दोन. तीन. थवा खाली झेपावला, आणि बरोबर कणसांच्या हातभर वर त्यांची आरोळी त्याला भेटली. तो आभाळातच फाटला. दोन तुकडे झाले, चार झाले, आणि ओढ्याकडे निघून गेले. एका कणसाला चोच लागली नव्हती.

"आत्याबाई!" पुनम दारातून ओरडली. तिच्या हातात कणीक होती आणि तिने तशीच टाळी वाजवली.

मग दिवस एकमेकांत मिसळून गेले. सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंत. पुनमच्या मालिका बंद. रुद्रेश दुपारी घरी येई आणि आईला त्रास नको म्हणून बूट दाराबाहेर काढी. पार्वतम्मांना कुठली पाखरे कुठून येतात, राघूंना कुठले कणीस आवडते, चिमण्या बांधाच्या कडेने कशा चोरासारख्या शिरतात, सारे पाठ झाले. कधी कधी भिंत राहत नसे, चौथा मजला राहत नसे. खाली पाहिले तर चार बाभळीचे खांब दिसतील अशी खात्री वाटे. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी राजशेखर वर आले. खालच्या मजल्यावर क्लासची पोरे भाड्याने राहत होती.

"अम्मा, पोरं तक्रार करलालेत. पहाटेपासून हुर्र हुर्र. त्येंची परीक्षा हाय."

"माजीबी परीक्षाच हाय," पार्वतम्मा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "नऊ दिवसांची. त्यांना म्हणावं, तुमची दर वर्षी येते, माझी अठ्ठेचाळीस वर्षांनी आली. बसा. बोलू नका, थवा वळतोय."

राजशेखर बसले. दुसऱ्या वळणाला तेही हातांची मूठ आवळून होते. चहा घेऊन गेले आणि पुन्हा तक्रार आली नाही.

सहाव्या दिवशी आवाज फुटला. सातव्या दिवशी तो घोगरा झाला, आणि आठव्या दिवशी सकाळी आरोळी देताना घशातून आधी नुसती हवा आली. पुनमने ज्येष्ठमध उगाळून दिले, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. रुद्रेश म्हणाला, "आई, तुझा आवाज एकदा रेकॉर्ड करून ठेवू. बटण दाबलं की वाजेल. पाखरांना काय कळतं?" पार्वतम्मांनी हातानेच नको म्हणून सांगितले. पाखरांना कळत नसेल. पण आखाड्यावर, खाटेवर, एक बाई कान देऊन पडली होती. त्या दिवसभर, त्या घोगऱ्या, चिरकलेल्या, मधेच तुटणाऱ्या आवाजाने, पार्वतम्मांनी पाखरू टेकू दिले नाही. एवढे मात्र खरे की त्यांना भीती वाटू लागली होती, पाखरांची नव्हे. पहिल्या दिवशीच्या त्या हसण्यानंतर सिंधूचा एकही फोन आला नव्हता. ती मोजते आहे की नाही, हे चौथ्या मजल्यावरून कुठल्याही भिंगाने दिसत नव्हते. त्यांनी एकदा कॅमेरा आखाड्याकडे फिरवून पाहिले. खाट रिकामी होती, आणि त्यांनी लाजून मान परत ज्वारीकडे वळवली.

नवव्या दिवशी दुपारी एक वाजता निलंग्याच्या बसचा कंडक्टर रुद्रेशला फोनवर म्हणाला, की एक फडके आहे, स्टँडवर येऊन घेऊन जा. रुद्रेशने आणून आईपुढे ठेवले. पांढरे धुवट धडपे, चार गाठी. पार्वतम्मांनी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने गाठी सोडल्या. आत ज्वारीच्या भाकरी होत्या, एकावर एक, आणि वर तीळ-लसणाच्या चटणीचा गोळा. त्यांनी मोजल्या. नऊ.

"सिंधूमावशींना काय वाटलं, आपण जेवत नाही?" रुद्रेशने हळूच पुनमला विचारले. पण पुनमही शेतकऱ्याची लेक होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. "तुम्हाला कळायचं नाही," ती म्हणाली. "मजूर आपली भाकरी आपण बांधून आणतो. सावडीला आलेल्या बाईला दुपारची भाकर रानवालीनं घालायची असती. त्यांनी मोजलेत सगळे दिवस."

पार्वतम्मांनी फोन लावला. बोलायला गेल्या तर घशातून फक्त खरखर आली.

"बोलू नगंस," पलीकडून सिंधू म्हणाली. "ऐक. पहिल्या दिवशी म्हणलं, यंत्रच वरडतंय. दुसऱ्या दिवशीबी त्येच म्हणलं. परवा आवाज बसल्याला ऐकला, तवा उठून बसले. यंत्राचा आवाज बसत नसतोय, पारू. त्ये अंग होतं तुजं. म्हणून दोन बायांना धरून चुलीपशी गेले आन् माज्या हातानं थापल्यात. आठ मागल्या दिवसांच्या, एक आजची धरून जेव, आन् बस. दिवस मावळायचा हाय अजून."

पार्वतम्मा जमिनीवर मांडी घालून बसल्या, टीव्ही समोर, आणि त्यांनी भाकरीचा पहिला घास मोडला. तो चावताना त्यांनी भोरड्यांचे दुसरे वळण पाहिले आणि तोंडातल्या घासासकट आरोळी दिली. ती आरोळी नव्हतीच, एक फाटके किंचाळणे होते, आणि तरीही थवा कणसांच्या हातभर वर त्याला थडकून फुटला. त्या दिवशी दुपारनंतर त्या थव्याने पाच वेळा प्रयत्न केला. पाचही वेळा पार्वतम्मा आधी पोचल्या. सहा वाजता सूर्य हरभऱ्याच्या रानापलीकडे तांबडा होऊन टेकला, पाखरे ओढ्याच्या बाभळींवर गेली, आणि पहिल्या दिवशीचा तो वाफा सोडला तर सबंध दीड एकर, कणीस न् कणीस भरलेली, उजेडात तशीच उभी राहिली. खांद्यांच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही तिथे, पार्वतम्मांना एकाएकी खूप मोकळे, जवळजवळ थंड वाटले.

तेवढ्यात बांधावरून सिंधू आली. काखेत कुबडी, एका बाजूला जाऊ, दुसऱ्या बाजूला भावजय. गावातली रीत अशी, की सावड फिटली हे रानातच, दोन माणसांसमोर, मोठ्याने सांगायचे. ती माळ्याखाली उभी राहिली, कपाळावर हात धरून वर पाहिले, आणि चित्र नेहमीप्रमाणे उशिरा आले, पण शब्द स्वच्छ आले.

"पार्वती सिद्धेश्वर, तुजी सावड फिटली. नऊला नऊ. आजपासून तुजं माज्यावर कायी न्हाई, माजं तुज्यावर कायी न्हाई." मग थांबून, नेहमीच्या आवाजात, "आन् उद्या हुर्र करू नगंस बाई. धाव्वा दिवस केलास तर माज्या अंगावर चढंल, आन् मला आता फेडायला येळ न्हाई. दाण्यातलं दूध आता आटलंय, उद्यापास्नं माजं मी बघते."

घशात आवाज नव्हता. पार्वतम्मांनी सिंधू बांधावरून पलीकडे जाईपर्यंत पाहिले. मग बोट उचलले, फोन पुनमच्या हातात दिला, आणि उरलेली भाकरी पुढे ओढून, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.